चक्रीवादळांचे जलद तीव्रीकरण

उष्णकटिबंधीय चक्रीवादळाच्या केंद्राभोवतील वाऱ्याचा कमाल वेग २४ तासांत ३० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ५५ किलोमीटर, किंवा त्याहून अधिक वाढल्यास त्या घटनेला जलद तीव्रीकरण असे म्हणतात. ही संज्ञा अटलांटिक महासागरातील हरिकेनांच्या अभ्यासातून रूढ झाली. भारतीय हवामान विभागही बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्रातील वादळांसाठी हाच निकष वापरतो. वादळाचा मार्ग सांगण्याचे शास्त्र गेल्या काही दशकांत बरेच पुढे गेले आहे. त्या मानाने वादळ किती वेगाने बळावेल हे सांगणे अजूनही अवघड आहे. किनाऱ्याजवळ आलेले वादळ असे अचानक बळावले, तर बोटी परत बोलावणे, गावे रिकामी करणे आणि निवारे उघडणे यांसाठी मिळणारा वेळ कमी होतो. या घटनेचे महत्त्व मुख्यतः यातच आहे.

महाराष्ट्राच्या संदर्भात क्यार (२०१९), निसर्ग (२०२०) आणि तौक्ते (२०२१) ही चक्रीवादळे या दृष्टीने अभ्यासली जातात. किनाऱ्यापासून अडीचशे किलोमीटरहून अधिक अंतरावर असलेल्या सोलापूर जिल्ह्याचा अनुभव मात्र वेगळा आहे. तेथे सर्वांत मोठी हानी करणाऱ्या प्रणालींपैकी एक, ऑक्टोबर २०२० मधील, चक्रीवादळाच्या दर्जाला पोहोचलीच नव्हती.

व्याख्या आणि मोजमाप

भारतीय हवामान विभाग वादळांचे वर्गीकरण वाऱ्याच्या सतत टिकणाऱ्या वेगावरून करतो. कमी दाबाच्या क्षेत्राभोवती वारा ताशी ३१ ते ४९ किमी झाला की त्यास डिप्रेशन म्हणतात. वेग ५० ते ६१ किमी असल्यास ते डीप डिप्रेशन होते. ६२ किमीपासून पुढे चक्रीवादळ, ८९ पासून तीव्र चक्रीवादळ, ११८ पासून अति तीव्र, १६७ पासून अत्यंत तीव्र आणि २२२ किमीपासून पुढे महाचक्रीवादळ अशा पायऱ्या आहेत. प्रणाली चक्रीवादळाच्या पायरीवर पोहोचली की तिला नाव मिळते. नावांची सध्याची यादी १३ देशांनी मिळून तयार केली असून ती २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात १६९ नावे आहेत.

वेग मोजण्याच्या पद्धतीत एक फरक आहे आणि त्यावरून वाचकांचा नेहमी गोंधळ होतो. भारतीय हवामान विभाग तीन मिनिटांच्या वाऱ्याची सरासरी घेतो, तर अमेरिकी संस्था एका मिनिटाची. सरासरीचा काळ जितका लहान, तितका आकडा मोठा येतो. त्यामुळे एकाच वादळासाठी, त्याच वेळी, दोन संस्था दोन निरनिराळे वेग देतात आणि दोन्ही बरोबर असू शकतात. अशा दोन संस्थांचे आकडे एकापुढे एक ठेवून 'वादळ एका रात्रीत वाढले' असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. वाढ मोजायची तर ती एकाच संस्थेच्या दोन आकड्यांवरून मोजावी लागते.

समुद्रावर वारा प्रत्यक्ष मोजणारे यंत्र क्वचितच वादळाच्या केंद्राखाली असते. म्हणून बहुतेक वेळा उपग्रहाच्या चित्रावरून अंदाज केला जातो. अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ व्हर्नन ड्वोराक यांनी १९७० च्या दशकात बसवलेली पद्धत आजही जगभर वापरात आहे. ढगांच्या पट्ट्यांचे वळण, केंद्रावरील ढगांचे आच्छादन, डोळ्याची स्पष्टता आणि ढगमाथ्यांचे तापमान पाहून वादळाला 'टी क्रमांक' दिला जातो. टी २.५ म्हणजे साधारण ३५ नॉट, टी ४ म्हणजे ६५ नॉट, तर टी ६ म्हणजे ११५ नॉट. अटलांटिकमध्ये याखेरीज विमाने वादळात शिरून मोजमाप करतात. उत्तर हिंदी महासागरात अशी नियमित विमानफेरी नसल्याने इन्सॅट मालिकेतील उपग्रह, ध्रुवीय कक्षेतील उपग्रहांची सूक्ष्मतरंग चित्रे, समुद्रातील तरंगते मापक आणि वादळ किनाऱ्याजवळ आल्यावर डॉप्लर रडार यांवर भिस्त असते.

प्रक्रिया

चक्रीवादळ हे समुद्राच्या उष्णतेवर चालणारे इंजिन आहे. उबदार पाण्याची वाफ वर चढते, थंड होऊन तिचे ढग बनतात आणि त्या वेळी तिच्यातील सुप्त उष्णता मोकळी होते. या उष्णतेने केंद्रावरील हवा गरम व हलकी होते, तळाशी हवेचा दाब आणखी घटतो आणि भोवतालची दमट हवा अधिक जोराने आत ओढली जाते. आत येणारी हवा केंद्राच्या जवळ जाईल तसतशी वेगाने फिरते. गोल फिरणाऱ्या माणसाने पसरलेले हात अंगाशी घेतले की त्याची गिरकी वाढते, त्यातलाच हा प्रकार होय.

ही साखळी वेगाने चालण्यासाठी काही गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण २६.५ अंश सेल्सिअसहून अधिक असावे लागते, पण केवळ वरचा पातळ थर गरम असून भागत नाही. वादळी वारा समुद्र घुसळून खालचे पाणी वर आणतो. ते थंड असेल तर वादळाचे इंधन तुटते, आणि गरम पाण्याचा थर खोलवर असेल तर वादळ चालत राहते. दुसरी अट वाऱ्याची आहे. जमिनीलगतचा आणि दहा-बारा किलोमीटर उंचीवरचा वारा यांच्या वेगात व दिशेत फार तफावत असेल, तर वादळाचा ढगांचा मनोरा एका बाजूला कलतो आणि गरम गाभा विस्कटतो. तफावत कमी असेल तर मनोरा सरळ उभा राहतो. तिसरी अट मध्यम उंचीवरील हवेच्या दमटपणाची. वाळवंटी प्रदेशातून कोरडी हवा आत घुसली तर ढग विरतात, आणि अरबी समुद्रात हे वारंवार घडते.

बाहेरची परिस्थिती अनुकूल असूनही काही वादळे बळावत नाहीत. याचे कारण वादळाच्या आत असते. केंद्राभोवतीची ढगांची भिंत पूर्ण वर्तुळाकार झाली आहे की एका बाजूला उघडी आहे, तीव्र गडगडाटी ढग केंद्राच्या किती जवळ उसळत आहेत, यावर पुढचे काही तास ठरतात. हे बदल काही किलोमीटरच्या आवाक्यात व तासाभरात घडतात. संगणकीय प्रारूपांना ते अचूक पकडणे जड जाते. अंदाज चुकण्याचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते.

पावसाळ्याच्या मध्यावर, जुलै-ऑगस्टमध्ये, अरबी समुद्रात सहसा चक्रीवादळ होत नाही. समुद्र तेव्हाही गरम असतो, मात्र खाली नैऋत्येचा जोरदार वारा आणि वर पूर्वेकडून येणारा झोत अशी मोठी तफावत असते. म्हणून येथील वादळांचे दोन हंगाम पडतात. एक मान्सूनच्या आगमनाच्या आसपास मे-जूनमध्ये येतो आणि दुसरा मान्सून परतल्यानंतर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये.

अटलांटिक व पूर्व प्रशांत महासागर

जलद तीव्रीकरणाची सर्वाधिक तपशीलवार नोंद अटलांटिकमध्ये झाली आहे, कारण तेथे विमानांची सोय आहे. ऑक्टोबर २००५ मधील विल्मा या हरिकेनच्या केंद्रात हवेचा दाब ८८२ हेक्टापास्कलपर्यंत उतरला. अटलांटिकमध्ये नोंदवलेला हा सर्वांत कमी दाब आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मेक्सिकोच्या आखातात मिल्टन हे हरिकेन एका दिवसात पहिल्या श्रेणीतून पाचव्या श्रेणीत गेले. नंतर ते काहीसे क्षीण होऊन ९ ऑक्टोबरच्या रात्री फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर आदळले. मिल्टनच्या वेळी लोकांना निघून जाण्यासाठी दोन दिवस मिळाले.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मेक्सिकोच्या प्रशांत किनाऱ्यावरील अकापुल्को शहराला ती सवड मिळाली नाही. ओटिस हे साधे उष्णकटिबंधीय वादळ म्हणून जवळ येत होते. प्रमुख प्रारूपांपैकी कोणीही त्याची वाढ वेळेत दाखवली नाही. एका दिवसाच्या आत ते पाचव्या श्रेणीचे होऊन २५ ऑक्टोबरला पहाटेपूर्वी किनाऱ्यावर आदळले. पूर्वानुमान शास्त्राच्या पाठ्यपुस्तकात आता ओटिसला कायमची जागा आहे.

अरबी समुद्र आणि महाराष्ट्राचा किनारा

अरबी समुद्रात बंगालच्या उपसागरापेक्षा कमी वादळे होतात, असे भूगोलाच्या पुस्तकात दीर्घकाळ शिकवले गेले. ते आजही खरे आहे, पण अंतर घटत आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील (आयआयटीएम) संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९८२ ते २००० आणि २००१ ते २०१९ या दोन कालखंडांची तुलना केली आहे. त्यानुसार अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी, तर अति तीव्र चक्रीवादळांची संख्या १५० टक्क्यांनी वाढली. मूळ संख्याच लहान असल्याने टक्केवारी मोठी दिसते, हे ध्यानात ठेवावे लागते. तरीही समुद्र तापत असल्याच्या निरीक्षणांशी ही दिशा जुळते.

क्यार हे वादळ २४ ऑक्टोबर २०१९ रोजी डिप्रेशन म्हणून तयार झाले. दुसऱ्या दिवशी ते चक्रीवादळ झाले आणि २७ ऑक्टोबरला महाचक्रीवादळ. २००७ च्या गोनूनंतर अरबी समुद्रात या दर्जाला पोहोचलेले हे पहिलेच वादळ होते. दिवाळीच्या त्या दिवसांत ते कोकण किनाऱ्यासमोर होते. पण किनाऱ्याकडे न वळता ते पश्चिमेकडे, ओमानच्या दिशेने गेले आणि समुद्रातच विरले. कोकणात कापणीला आलेले भात त्या पावसात भिजले, एवढीच त्याची महाराष्ट्रातील खूण राहिली.

निसर्ग हे ताकदीने क्यारच्या जवळपासही नव्हते. २ जून २०२० च्या पहाटे ते डीप डिप्रेशन होते, दुपारी चक्रीवादळ झाले आणि ३ जूनच्या पहाटे तीव्र चक्रीवादळ. त्याच दिवशी दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेस ते जमिनीवर आले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किमी होता. नाव मिळाल्यापासून किनाऱ्यावर येईपर्यंत साधारण एक दिवस गेला, आणि तोही करोनाच्या टाळेबंदीत. श्रीवर्धन, मुरुड, दापोली या पट्ट्यातील सुपारी, नारळ व आंब्याच्या बागा उन्मळून पडल्या. सुपारीची नवी बाग धरायला अनेक वर्षे लागतात. त्यामुळे हे नुकसान एका हंगामाचे नव्हते.

तौक्ते या नावाचा म्यानमारच्या भाषेत अर्थ 'पाल' असा आहे. १४ मे २०२१ रोजी सकाळी डिप्रेशन असलेली ही प्रणाली त्याच दिवशी रात्री उशिरा चक्रीवादळ झाली. १६ मेच्या पहाटे ती अति तीव्र आणि १७ मेच्या पहाटे अत्यंत तीव्र झाली. या शेवटच्या टप्प्यात जलद तीव्रीकरणाचा निकष पूर्ण झाला. भारतीय हवामान विभागाच्या नोंदीनुसार कमाल वेग ताशी सुमारे १८५ किमी होता. वादळ मुंबईपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतरावरून उत्तरेकडे गेले आणि १७ मेच्या रात्री दीवजवळ गुजरातच्या किनाऱ्यावर आले. मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत २३०.३ मिमी पाऊस झाला. मे महिन्यात एवढा पाऊस या शहराला ठाऊक नव्हता.

तौक्तेची सर्वांत भीषण घटना समुद्रात घडली. बॉम्बे हायच्या परिसरातील हीरा तेलक्षेत्राजवळ तेल कंपनीच्या कामावर असलेली पी-३०५ ही निवासी बार्ज १७ मे रोजी नांगर तुटून वाहत गेली आणि बुडाली. वरप्रदा ही टगबोटही बुडाली. दोन्हींवर मिळून २७४ जण होते. नौदल व तटरक्षक दलाने त्यांपैकी १८८ जणांना वाचवले, ८६ जण मृत्युमुखी पडले. वादळाच्या मार्गाचे इशारे ते तयार होण्याच्या काही दिवस आधीपासून दिले जात होते, त्यामुळे ही दुर्घटना पूर्वानुमान चुकल्यामुळे घडली असे म्हणता येत नाही. चर्चा झाली ती इशारा हाती असताना कामगार समुद्रात का राहिले, याची. वादळ बाजूने जाईल आणि वारा अमुक इतकाच असेल अशा हिशेबावर थांबलेल्याला वादळ बळावल्यानंतर निघायला वाट उरत नाही, एवढे मात्र या घटनेत स्पष्ट दिसते.

मच्छीमारांच्या बाबतीत हाच प्रश्न आधीही पुढे आला होता. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ अलिबाग व मुंबईच्या दरम्यान आले तेव्हा कोकणातील अनेक खलाशी समुद्रात होते आणि काही परतले नाहीत. २०१७ च्या ओखी वादळात केरळ व तमिळनाडूतील शेकडो मच्छीमार मृत वा बेपत्ता झाले. कन्याकुमारीजवळ ते जेमतेम एका दिवसात डिप्रेशनचे चक्रीवादळ झाले, आणि खोल समुद्रात गेलेल्या बोटींपर्यंत निरोप पोहोचवण्याचे साधन नव्हते. त्यांतील काही बोटींनी सिंधुदुर्गातील देवगड बंदराचा आसरा घेतला.

इशाऱ्यांचे टप्पे

भारतीय हवामान विभागाचे चक्रीवादळविषयक इशारे चार टप्प्यांत असतात. पहिली पूर्वसूचना साधारण ७२ तास आधी, दुसरा इशारा ४८ तास आधी, तिसरा २४ तास आधी आणि चौथा, जमिनीवर आल्यानंतरच्या स्थितीविषयी, १२ तास आधी. चक्रीवादळ झाल्यावर दर तीन तासांनी पत्रक निघते. हे वेळापत्रक वादळ सावकाश वाढेल असे धरून आखलेले नाही. तरी जिल्हा प्रशासनाची तयारी प्रत्यक्षात वादळाच्या दर्जावर हलते. डिप्रेशनचा इशारा आणि अति तीव्र चक्रीवादळाचा इशारा यांना यंत्रणा सारखा प्रतिसाद देत नाही. दर्जा एका रात्रीत दोन पायऱ्या चढला तर तयारी मागे पडते. यावर उपाय म्हणून अलीकडे जलद तीव्रीकरणाची शक्यता टक्केवारीत सांगण्याकडे पूर्वानुमान केंद्रांचा कल आहे.

हौशी निरीक्षकांचा मागोवा

वादळांचा मागोवा घेणारे हौशी अभ्यासक जगभर आहेत. अटलांटिक किनाऱ्यावर ही परंपरा जुनी आहे. १९६५ मध्ये बेट्सी हरिकेनच्या वेळी हॅम रेडिओ चालवणाऱ्यांनी सुरू केलेले 'हरिकेन वॉच नेट' हे जाळे आजही वादळग्रस्त बेटांवरून वारा व दाबाच्या नोंदी अमेरिकी हरिकेन केंद्राला कळवते. भारतात १९९९ च्या ओडिशा महाचक्रीवादळानंतर दूरध्वनी बंद पडले असताना हॅम चालकांनी निरोप पोहोचवले होते.

महाराष्ट्रात हा छंद इंटरनेट आणि स्मार्टफोनमुळे पसरला. पूर्वी हवामान कार्यालयातच दिसणारी इन्सॅटची चित्रे, वाऱ्यांचे नकाशे, युरोपीय व अमेरिकी प्रारूपांचे निकाल आता कोणालाही पाहता येतात. मेघदूत आणि दामिनी ही सरकारी मोबाइल ॲप्स शेतकऱ्यांमध्ये परिचित आहेत, त्यांपैकी दामिनी विजेचा इशारा देते. सोलापूर जिल्ह्यात या छंदामागे पोटाचा प्रश्न आहे. द्राक्षाची फळछाटणी ऑक्टोबरच्या आसपास होते आणि कोवळ्या फुटीवर पाऊस पडला की डाऊनीचा प्रादुर्भाव होतो. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा भागातील डाळिंबाला अवकाळी पावसाने तेल्या रोगाची भीती असते. फवारणी आज करावी की दोन दिवस थांबावे, हे ठरवण्यासाठी बागायतदार समुद्रातील ढगांचे चित्र पाहतो.

अनुभवी निरीक्षक वादळ बळावत असल्याची काही लक्षणे ओळखतात. रात्रीच्या अवरक्त चित्रात केंद्रावरच अतिशय थंड ढगमाथ्यांचा गोळा उसळणे, तो काही तास टिकणे, ढगांचे आच्छादन लांबोळके न राहता गोल होणे आणि शेवटी त्यात गरम, काळसर ठिपक्यासारखा डोळा उघडणे, ही ती लक्षणे होत. डोळा स्पष्ट दिसू लागला की वादळ साधारणपणे अति तीव्र दर्जाच्या जवळ असते.

चुकाही ठरावीक आहेत. उपग्रहचित्रावरील वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते आणि तिच्यात साडेपाच तास मिळवायचे राहून जातात, त्यामुळे जुने चित्र ताजे समजले जाते. पूर्वानुमानाच्या नकाशावरील शंकू हा वादळाचे केंद्र कुठून जाऊ शकेल याचा पट्टा असतो. नुकसान त्याच्या बाहेरही होते. सर्वांत उपद्रवी प्रकार म्हणजे एखाद्या प्रारूपाच्या एकाच फेरीत दहा दिवसांनंतर दिसलेले महाकाय वादळ, चित्रावरची तारीख कापून, गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर पाठवणे. सहा तासांनी येणाऱ्या पुढच्या फेरीत ते वादळ बहुधा नसते, पण तोवर कोणी कच्ची फळे तोडून बाजारात नेलेली असतात.

हौशी निरीक्षकांची खरी उपयुक्तता जमिनीवरच्या नोंदीत आहे. साधा पर्जन्यमापक उघड्यावर, झाडे व भिंतींपासून दूर ठेवून रोज सकाळी साडेआठ वाजता घेतलेली नोंद कोणत्याही रंगीत नकाशाइतकीच मोलाची असते, कारण भारतात पावसाचा दिवस साडेआठला संपतो. महाराष्ट्रात या आकड्याला पैशाचेही वजन आहे. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीहून अधिक पाऊस झाला तर अतिवृष्टी धरली जाते आणि पीकनुकसानीच्या मदतीत हा आकडा पाहिला जातो. गडगडाटी पाऊस काही किलोमीटरच्या पट्ट्यात कोसळतो. मंडळाचा मापक त्या पट्ट्याच्या बाहेर असेल तर वाहून गेलेल्या शेताची नोंद कागदावर कोरडी राहते. शेजारच्या शेतकऱ्याच्या वहीतील आकड्याला सरकारी पुराव्याचा दर्जा नसला, तरी पंचनाम्याची मागणी करताना तो हाताशी असतो.

सोलापूर जिल्हा : ऑक्टोबर २०२०

सोलापूर हा अवर्षणप्रवण जिल्हा. समुद्र पश्चिमेला सह्याद्रीपलीकडे, आणि पूर्वेचा किनारा तर त्याहूनही दूर. जमिनीवर आले की वादळाचे इंधन तुटते, त्यामुळे चक्रीवादळाचा वारा येथे पूर्ण ताकदीने पोहोचत नाही. पाऊस मात्र पोहोचतो.

बंगालच्या उपसागरात ११ ऑक्टोबर २०२० रोजी एक डिप्रेशन तयार झाले. १२ तारखेला ते डीप डिप्रेशन झाले आणि १३ ऑक्टोबरला सकाळी आंध्र प्रदेशात काकिनाडाजवळ जमिनीवर आले. ते चक्रीवादळ न झाल्याने त्याला नाव मिळाले नाही. वारा ताशी ५५ ते ६५ किमीच होता. पण त्याच्या वाटेत दमट हवा भरपूर होती आणि ते जमिनीवरही लवकर विरले नाही. तेलंगणा ओलांडताना त्याने हैदराबादला पुरात लोटले. १४ ऑक्टोबरच्या संध्याकाळी त्याचे क्षीण केंद्र दक्षिण मध्य महाराष्ट्र आणि लगतच्या उत्तर कर्नाटकावर होते, म्हणजे जवळपास सोलापूरच्या डोक्यावर. त्यानंतर ते कोकण ओलांडून अरबी समुद्रात उतरले आणि १७ ऑक्टोबरला तेथे पुन्हा डिप्रेशन झाले. पूर्व किनाऱ्यावरून येऊन अख्खे द्वीपकल्प पार करून पश्चिमेच्या समुद्रात पुन्हा जोर धरणाऱ्या प्रणाली कमी असतात.

१४ ऑक्टोबर रोजी पंढरपुरात चंद्रभागेच्या कुंभार घाटावर नव्याने बांधलेल्या घाटाची भिंत पावसात कोसळली आणि तिच्या आडोशाला असलेले सहा जण ठार झाले. संपूर्ण जिल्ह्यात दहाहून अधिक बळी गेले. हंगामाच्या अखेरीस उजनी धरण भरलेले होते. पाणी साठवायला जागा नसल्याने भीमेत दोन लाख क्युसेकहून अधिक विसर्ग सोडावा लागला. नीरेचे पाणी नरसिंहपूरला भीमेत मिळते, तो भारही पंढरपूरवर आला. अक्कलकोट तालुक्यात बोरी व हरणा नद्यांनी काठची शेते खरवडून नेली. सोलापूर-हैदराबाद आणि पुणे-सोलापूर हे दोन्ही महामार्ग काही काळ बंद राहिले. काढणीला आलेले सोयाबीन, ऊस, कांदा, द्राक्ष व डाळिंब यांचे नुकसान झाले. काही ठिकाणी पिकाबरोबर मातीच गेली. राज्य सरकारने २३ ऑक्टोबरला जाहीर केलेल्या दहा हजार कोटी रुपयांच्या मदतीत जिरायत व बागायत पिकांसाठी हेक्टरी दहा हजार आणि फळबागांसाठी हेक्टरी पंचवीस हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, असा दर होता.

या घटनेत वाऱ्याच्या तीव्रतेचा भाग नगण्य होता. वर्षभरापूर्वीच्या क्यारचा वारा ताशी २४० किमी होता आणि सोलापुरात त्याची कोणी आठवण काढत नाही. पाऊस किती पडेल हे वादळाच्या दर्जावरून कळत नाही. ते प्रणालीची पुढे सरकण्याची गती, तिच्यासोबतची आर्द्रता, जमीन आधीच किती भिजलेली आहे आणि धरणात किती जागा आहे यांवर अवलंबून असते. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला आलेल्या महापुराने माढा, करमाळा व मोहोळ तालुक्यांतील गावे वेढली, त्याही वेळी कारण चक्रीवादळाचे नव्हते. अंतर्गत जिल्ह्यांसाठी म्हणून वादळाच्या नावापेक्षा नदीखोऱ्याचा पर्जन्य अंदाज आणि धरणाचा विसर्ग पाहणे अधिक उपयोगी ठरते.

वादळ शमवण्याचे प्रयोग

वादळ बळावण्याआधीच त्याचा जोर मोडता येईल का, हा प्रश्न अमेरिकेने १९६२ ते १९८३ या काळात 'स्टॉर्मफ्युरी' प्रकल्पात तपासला. डोळ्याच्या भिंतीबाहेरील ढगांत विमानातून सिल्व्हर आयोडाइड टाकून तेथे नवी, अधिक रुंद भिंत तयार करायची आणि मूळ भिंतीचा वेग उतरवायचा, अशी कल्पना होती. काही वादळांचा वेग उतरलाही. नंतर लक्षात आले की तीव्र वादळांत भिंत बदलण्याची ही क्रिया आपोआपच घडते आणि हरिकेनच्या ढगांत गोठणबिंदूखालील द्रव पाणी इतके कमी असते की सिल्व्हर आयोडाइडला काम करायला वावच नसतो. प्रकल्प बंद झाला, पण त्यासाठी घेतलेली विमाने आणि जमवलेली मोजमापे पुढे वादळांच्या अभ्यासात उपयोगी पडली.

सोलापुरात याच्या उलट हेतूने, पाऊस वाढवण्यासाठी, प्रयोग झाला. आयआयटीएमच्या 'कॅपेक्स' मोहिमेच्या चौथ्या टप्प्यात २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूर हे केंद्र होते. या पर्जन्यछायेच्या प्रदेशात रडार आणि पर्जन्यमापकांचे जाळे उभारून विमानाने ढगांच्या तळाशी कॅल्शियम क्लोराइडच्या कणांचे बीजारोपण करण्यात आले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, योग्य ढग निवडल्यास वाऱ्याच्या पुढील बाजूच्या सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात पावसात सरासरी १८ टक्के वाढ दिसली. ऑक्टोबर २०२० च्या पुरानंतर काही जणांनी या प्रयोगाकडे बोट दाखवले. मोहीम त्याआधीच्या वर्षी संपली होती, आणि हजारो चौरस किलोमीटरवर पसरलेल्या डिप्रेशनच्या पाण्यापुढे एका विमानाने टाकलेल्या मिठाच्या कणांचा हिशेब लागत नाही.